धूर मोजायचा तर रस्त्यावर मोजा

राजेहो, पीयूसी नाही म्हणून वणी-यवतमाळ रोडवर एखाद्या शेतकऱ्याची पिकअप अडवली, तर कायद्याने त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाला माझी हरकत नाही, धूर ओकणारी गाडी थांबलीच पाहिजे. पण ज्या कंपनीने मुळातच खोटी गाडी विकली, तिला कोण अडवतं?

टवेरा आठवते ना? लग्नाच्या वऱ्हाडापासून नागपूरच्या मेडिकलपर्यंत आपल्या भागातली माणसं तिनेच वाहिली. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १.१४ लाख टवेरा परत बोलावल्या. २००५ पासून बनलेल्या गाड्या होत्या त्या! तपासणीच्या गाड्यांमध्ये कमी प्रदूषण करणारी इंजिनं मुद्दाम निवडून बसवली जात होती. नमुन्याला चोख बियाणं दाखवायचं अन् पोत्यात बोगस भरायचं, हे आपण कापसात भोगलंच आहे. तसलाच हा प्रकार.

फोक्सवॅगनने तर हे काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. प्रयोगशाळेत तपासणी होते तेव्हा गाडी जागेवरच उभी असते, रोलरवर चाकं फिरतात पण स्टिअरिंग हलत नाही. अशा खुणांवरून गाडी ओळखायची की आपली परीक्षा चालू आहे, आणि तेवढ्यापुरती धूर साफ करायची. रस्त्यावर आली की यंत्रणा ढिली. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणीयंत्र गाडीतच ठेवून प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवली, तेव्हा आकडे जुळेनात. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने जाहीर केलं की धुरातले नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. जगभरात अशा सुमारे १.१ कोटी गाड्या निघाल्या. भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आता आपल्या पीयूसीचं बघा. डिझेल गाडीच्या तपासणीत धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. म्हणजे फोक्सवॅगनची ती लबाडी आपल्या पीयूसी केंद्रावर कधीच सापडली नसती आणि प्रमाणपत्र बिनधास्त मिळालं असतं.

हा शहराचा प्रश्न आहे, आपल्याला काय, असं कोणी म्हणू नका. नायट्रोजन ऑक्साइडवर कडक ऊन पडलं की हवेतल्या इतर वायूंसोबत ओझोन तयार होतो. जमिनीलगतचा ओझोन माणसाच्या फुप्फुसाला वाईट आणि पिकालाही. पानं करपतात, उत्पन्न घटतं. सोयाबीन, गहू, कापूस ही ओझोनचा मार बसणारी पिकं आहेत. आपल्या वावरात दुसरं काय उभं असतं? आणि उन्हाबद्दल तर विदर्भाला कोणी सांगायला नको.

अमेरिकेत फोक्सवॅगनने २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला, अब्जावधी डॉलर भरले, गाड्या गिऱ्हाइकांकडून परत विकत घेतल्या. अधिकारी तुरुंगात गेले. आपल्याकडे मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला, कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि सक्तीच्या कारवाईला स्थगिती मिळाली. हा फरक मला झोंबतो.

कायदा नाही असं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पर्यावरणाला घातक गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार केंद्राला आहे, कंपनीला १०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या, म्हणजे गाड्यांच्या धुरासाठीच्या सरकारी निकषांच्या, दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरची मोजणीही आली. हे चांगलंच झालं. पण तपासायची गाडी कंपनीने आणून देऊ नये. पाच-सात वर्षं वापरलेली गाडी साध्या मालकाकडून उचला, त्याला दुसरी गाडी द्या, आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर मे महिन्यात चालवा आणि प्रत्येक मॉडेलचा निकाल जाहीर करा. दोष कंपनीचा निघाला तर गाडीमालकाला पैसे परत मिळाले पाहिजेत. सरकारी तिजोरीत दंड जमा झाला, एवढ्यावर भागणार नाही.

रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी आपल्याच नागपूरचे खासदार आहेत. त्यांच्या कार्यालयाला मी याच मागण्या लिहून पाठवतोय. ज्यांच्या दारात डिझेल गाडी उभी आहे, त्यांनीही गाडीचं मॉडेल आणि वर्ष टाकून एक पत्र लिहा.