फ्रिजमागचा कॉक निष्ठेने कसा जपावा

बर्फ आणि थंड पाणी देणाऱ्या फ्रिजच्या मागे पाण्याच्या जोडणीसाठी एक लहानसा कॉक असतो, ही गोष्ट तो गळू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात नसते. गेल्या आठवड्यात दोन दिवस मी त्याच्यासमोर विजेरी तोंडात धरून पालथा पडलो होतो, त्यामुळे या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे, असे मी नम्रपणे समजतो.

पहिली सूचना अशी, की हा कॉक एकदा बसवल्यानंतर त्याला हात लावू नये. वर्षातून एकदोनदा तो बंद-चालू करून पाहिला म्हणजे आत क्षार धरून तो अडकत नाही, असे सांगणारी माणसे भेटतील. त्यांना रिकामा वेळ फार असतो.

थेंब पडताना दिसल्यास खाली वाटी ठेवावी आणि दिवस मावळण्यापूर्वी तिला विसरून जावे.

नवी जोडणी करायची असेल, तर आग्रहाने सॅडल व्हॉल्व्हच मागावा. पाईप कापणे, मध्ये तीन तोंडांची टी बसवणे, तिला बॉल व्हॉल्व्ह जोडणे ही कष्टाळू लोकांची कामे झाली. सॅडल व्हॉल्व्हचे तसे नाही. तो चिमट्यासारखा पाईपला धरायचा, स्क्रू आवळायचे आणि मूठ फिरवायची. आतली सुई तांब्याच्या पाईपला भोक पाडते आणि दहा मिनिटांत कारागीर पुढच्या घरी जायला मोकळा होतो. त्यानंतर रात्रंदिवस येणारा पाण्याचा दाब त्या भोकाभोवतीच्या एवढ्याशा रबराने अडवायचा असतो, आणि रबर वर्षागणिक कडक होत जाते, याची चिंता करण्याचे त्या कारागिराला कारण नाही, कारण फरशी त्याची नसते. भोक सुईएवढे, त्यामुळे थोडा गाळ अडकला तरी पाणी मंदावते, बर्फाचे तुकडे लहान आणि पोकळ येऊ लागतात आणि आपण बिचाऱ्या फ्रिजची दुरुस्ती करत बसतो. माझ्या घरी हेच झाले. शेवटी मूठ बंद करायला गेलो, तेव्हा ती फिरत राहिली आणि पाणीही वाहत राहिले! बरे, तो नुसता काढून टाकावा म्हटले, तर पाईपला पडलेले भोक तिथेच राहते. म्हणजे तेवढा तुकडा कापून नवा जोड घालावाच लागतो. ज्या कामाचा पहिल्या दिवशी कंटाळा केला, तेच काम ओल्या भिंतीला टेकून, दुप्पट वेळ घालवून करावे लागते. अनेक ठिकाणच्या प्लंबिंगच्या नियमांत या व्हॉल्व्हला मनाई आहे, तरी तो दुकानात दिमाखात टांगलेला असतो.

घराचा मुख्य कॉक कुठे आहे, हे पाणी उडाल्यानंतरच शोधावे.

नळी जोडताना जुनीच पितळी रिंग पुन्हा वापरावी, नटच्या आट्यांवर टेफलॉन टेपचे वीस वेढे घ्यावेत आणि अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने आवळावे. या जोडात पाणी आटे अडवत नाहीत, नळीवर दाबून बसलेली रिंग अडवते, त्यामुळे तिथे टेपचे काम नाही, हे खरे. परंतु पांढरी पट्टी गुंडाळल्याचे समाधान काही वेगळेच असते. कॉकचे अंग दुसऱ्या पान्ह्याने मुळीच धरू नये, म्हणजे नटबरोबर पाईपही पिळला जातो.

काम झाल्यावर फ्रिज एका दणक्यात मागे ढकलावा. तांब्याची पाव इंची नळी त्यामागे कशी दुमडते, हे आपल्याला दिसणारच नसते.

आता हा शहाणपणा पुरे. वाटी ठेवून महिनोन्‌महिने गप्प बसणारे तुम्ही आणि मी, आपण दोघेही आळशी आहोत. थेंब पडतो आहे हे मला दिसले होते, आणि तरी मी फ्रिज पुढे ओढला नाही. तुमचा कॉक जुना असेल, तर आज मुख्य कॉक बंद करा, सर्वांत खालचा नळ उघडून पाईप रिकामा करा, सॅडल व्हॉल्व्ह असेल तर तो तुकडा कापून टाका आणि पाव फेऱ्यात बंद होणारा पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवा. त्याची दांडी पाईपच्या रेषेत असली की चालू आणि आडवी असली की बंद, एवढे लहान मुलालाही कळते. नळीचे टोक सरळ कापा, रिंग नवी घाला, फ्रिज ओढता येईल इतकी नळी सैल वेटोळ्यात ठेवा. जोडाखाली कोरडा कागद पसरा आणि सकाळी तो तसाच कोरडा असल्याशिवाय फ्रिज मागे सरकवू नका. आणि दहा मिनिटांत काम उरकून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. माझ्या स्वयंपाकघरातल्या लाकडी फरशीच्या तीन फळ्या फुगून वर आल्या आहेत, आणि त्यांच्याखालची जमीन अजून वाळलेली नाही.