‘कॅम्पातल्या पक्क्या घरात बसून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम. मागच्या लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की आपल्या ख्रिस्ती मंडळीत जे शिकले, नोकरीला लागले, ज्यांची घरं झाली, त्यांनी दरवर्षी ऊसतोडीला इकडं बेळगाव भागात येणाऱ्या लोकांना आपली जबाबदारी समजावं. लूक 12:48 दिलं होतं, ज्याला पुष्कळ दिलंय त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल. त्यावर तुमची भलीमोठी कॉमेंट आली. आपण ख्रिस्ती इथं मूठभर, आपल्याला कसला प्रिव्हिलेज, सुवार्ता तारणासाठी आहे समाजसेवेसाठी नाही, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला, दिला की झालं, आणि शेवटी हे वाक्य : “कॅम्पातल्या पक्क्या घरात बसून दुसऱ्यांना अपराधी वाटायला लावणं सोपं असतं सर.”

मूठभर आहोत, मान्य. दलित ख्रिस्ती माणसाला राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशामुळं आजही अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, शिखांना 1956 मध्ये मिळाला, बौद्धांना 1990 मध्ये, आपण बाहेरच राहिलो. हा अन्याय आहे आणि तुम्ही तो मांडलात ते बरं केलंत. पण ते शेवटचं वाक्य ज्या सुरात लिहिलंय तो सूर मला खटकला, आणि मी ते गिळून गप्प बसणार नाही. वाद वचनावर घाला, माझ्या घरावर कशाला?

घराचंच काढलंत तर ऐका. माझे आजोबा चिकोडी तालुक्यातले, गावाबाहेरच्या वस्तीतले, गावच्या विहिरीवर चढायची मुभा नव्हती त्यांना. मिशनच्या बोर्डिंगात आले तेव्हा अंगावर धड सदरा नव्हता. तिथं पाटी मिळाली, दोन वेळची भाकरी मिळाली, आणि पुढं माझी आज्जी त्याच बोर्डिंगात चुलीपुढं बसून पोरांच्या भाकऱ्या थापायची, म्हातारपणी तिची बोटं सरळ व्हायची नाहीत ती मी बघितलीत. वडील कारकून झाले, कर्ज काढून घर बांधलं, ज्याला तुम्ही पक्कं घर म्हणता, त्याच्या वरच्या मजल्याला अजून गिलावा नाही. तेव्हा गरिबी म्हणजे काय हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

आणि हे सगळं मी रडगाणं म्हणून सांगत नाहीय, मुद्दा इथंच आहे. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 पासून, आणि त्या शाळा-बोर्डिंगं चालली ती बऱ्याच अंशी परदेशातल्या साध्यासुध्या चर्चमधल्या माणसांच्या वर्गणीवर, ज्यांनी बेळगाव कधी बघितलंही नव्हतं. त्यांच्यातला कुणी म्हणाला असता की आमचेच खायचे वांदे, आम्हाला कसला प्रिव्हिलेज, तर माझे आजोबा त्याच वस्तीत राहिले असते आणि तुमचेही, कारण तुमचं घराणंही बोर्डिंगातूनच वर आलं असं तुम्हीच कॉमेंटमध्ये लिहिलंय. मग आपण वर आलो ते आपल्याच हिमतीवर, आता कुणाचं काही देणं लागत नाही, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

निपाणी-चिकोडी रस्त्यानं हंगामात एकदा संध्याकाळी जाऊन बघा. बीडकडच्या टोळ्या उतरलेल्या असतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आधीच अंगावर. बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढते, फळी तिच्या पायाखाली वाकते, खाली कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, सात-आठ वर्षांची पोरगी धाकट्याला मांडीवर घेऊन बसलेली. मी त्या पोरीला विचारलं शाळेत जातेस का, तर म्हणाली, “गावाकडं जाते, इकडं सगळं कानडीत आहे.” तिच्यासाठी संध्याकाळी दोन तास मराठी वाचायला शिकवणारं कुणी नको का? आपल्या मंडळीत रिटायर्ड शिक्षक किती आहेत! लूकच्या सोळाव्या अध्यायातल्या श्रीमंतानं लाजराला मारलं नव्हतं की हाकललं नव्हतं, तो आपल्या दाराशी पडलाय आणि याचं जेवण चाललंय, एवढाच त्याचा दोष. मी लेखात दोष हा शब्द वापरलासुद्धा नव्हता, ‘अपराधी’ हे तुमच्या मनात आलंय.

तारणाबद्दल एकच सांगतो. पंडिता रमाबाई संस्कृत शास्त्रं शिकलेल्या, कलकत्त्याच्या विद्वानांनी सरस्वती म्हणून गौरवलेल्या, त्या 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी-बायका घेऊन आल्या, आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तारण आणि भाकरी यांच्यात भांडण आहे असं त्या बाईला वाटलं नाही, आणि बायबलचं अख्खं मराठी भाषांतरही त्यांनीच केलं.

दशांशाचा हिशोब तुमचा आणि तुमच्या पाळकांचा, त्यात मी पडत नाही. पुन्हा लिहिणार असाल तर स्वतःच्या नावानं लिहा, माझं नाव वर मोठ्या अक्षरात आहे. आणि माझ्या घरावर परत घसरलात तर ती कॉमेंट मी छापणार नाही.