गुलाबाची बोंडं अख्खी मिक्सरमध्ये घालू नका

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतोय: ‘बागेतल्या कुठल्याही गुलाबाची लाल बोंडं दंव गोठल्यावर तोडा, बियांसकट मिक्सरमधून काढा, अर्धा तास उकळा. संत्र्याच्या पन्नासपट सी जीवनसत्त्व!’ बोंडं (फूल सुकल्यावर त्याच्याखालची गाठ फुगून होतात ती) खाता येतात आणि त्यांत सी भरपूर असतं, एवढं खरं. बाकीचं एकेक पाहू.

‘कुठल्याही गुलाबाची.’ बोंड विषारी कुठल्याच गुलाबाचं नसतं, पण आधी ते धरायला तर हवं. भरगच्च संकरित जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, शिवाय काही जाती वांझच. फुलाखालची हिरवी गाठ पिवळी पडून गळते. बोंडांसाठी रुगोसा, कॅनिना असे पाच पाकळ्यांचे गुलाब लावावेत आणि त्यांची सुकलेली फुलं छाटू नयेत. बोंड पिकायला तीनेक महिने सहज लागतात आणि तेवढ्या काळात नवी फुलं कमी येतात, म्हणून वारंवार फुलणाऱ्या झाडावर शेवटचा बहर तेवढा राखावा. आंतरप्रवाही कीटकनाशक मारलेल्या झाडाची बोंडं मात्र सोडून द्या. ते गरात मुरतं, धुऊन जात नाही.

‘बियांसकट मिक्सरमधून.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. बोंड उभं चिरून पाहा: मधोमध कडक बिया (वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने खरी फळं याच) आणि त्यांच्याभोवती दाटून बसलेली बारीक, ताठ, सोनेरी कुसं. खाजकुइलीची आठवण व्हावी अशी ती खाजवतात. मिक्सरमध्ये त्यांचे तुकडे होतात, साध्या गाळणीतून सरळ खाली येतात, मग घसा, आतडी आणि शेवटी गुदद्वारही चुरचुरतं. गर तसाच वापरायचा असेल तर हातमोजे घाला, बोंडाचे दोन भाग करा, लहान चमच्याच्या टोकाने आतलं सगळं खरवडा आणि वाहत्या पाण्याखाली धुवा. रुगोसाची बोंडं मोठी असल्याने हे जमतं. कॅनिनाच्या इवल्या बोंडांवर वेळ घालवण्यापेक्षा पाक करावा.

‘अर्धा तास उकळा.’ गरज नाही. चिरलेल्या गरातलं सी त्यातल्याच विकरामुळे (एन्झाइममुळे) भराभर घटतं, म्हणून पाकासाठी स्टीलच्या पातेल्यात १ लिटर पाणी आधी उकळत ठेवा आणि अर्धा किलो बोंडं जाडसर चिरून लगेच त्यात टाका. तांब्याचं भांडं नको, तांब्यामुळे सी झपाट्याने नष्ट होतं. पुन्हा उकळी आली की आच बंद करून १५ मिनिटं झाकून ठेवा. घट्ट विणीच्या फडक्यातून आपोआप ठिबकू द्या. पिळलं की कुसं आलीच. पहिला कपभर रस परत फडक्यात ओता, कारण सुरुवातीला कुसं निसटतात. चोथ्यात अर्धा लिटर पाणी घालून उकळी आणा, १० मिनिटांनी स्वच्छ फडक्यातून गाळा. दोन्ही रस आटवून अर्धा लिटर करा, ३२५ ग्रॅम साखर घाला, ५ मिनिटं उकळून निर्जंतुक केलेल्या लहान बाटल्यांत गरमच भरा. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवून आठवडा-दोन आठवड्यांत संपवावी.

‘दंव गोठल्यावर.’ गोठल्याने बोंडं मऊ आणि जरा गोड होतात, पण ते काम फ्रीझरही करतो. रुगोसा तर त्याआधीच पिकून लिबलिबीत होते. पूर्ण रंग आला आणि दाबल्यावर किंचित दबलं की तोडा. सुरकुतलेलं, काळपट बोंड टाकून द्या.

‘पन्नासपट.’ १०० ग्रॅम रानगुलाबाच्या बोंडांत सुमारे ४२५ मिलिग्रॅम सी धरतात, संत्र्यात ५० च्या आसपास. म्हणजे आठपट. काही रानजातींत याहून बरंच जास्त सापडतं, पण बागेतल्या संकरितांचा भरवसा नाही. दुसऱ्या महायुद्धात संत्री मिळेनाशी झाली तेव्हा ब्रिटनने मुलांसाठी बोंडांचा पाक बनवला, तोही कुंपणांवरच्या रानगुलाबांचा. शिवाय आठपटीचा हिशेब ताज्या बोंडांचा आहे. वाळवताना, आटवताना त्यातलं बरंच उडून जातं, आणि बोंडांच्या कपभर चहात पडतो तो जेमतेम चमचाभर सुका गर.