रात्री तीनचा टाहो

पुन्हा तीन वाजता आमच्या बोक्याचा तोच टाहो! दार ओरबाडणं, खिडकीवर उड्या, पडद्यावर मुताची पिचकारी. किती रात्री जागायचं? आणि जो तो सांगतो, "ओरडा त्याच्यावर, पाणी मारा." अहो, कशासाठी? तो खोड्या काढत नाहीये! साधारण सहाव्या महिन्यात बोका वयात येतो, कुठेतरी माजावर आलेल्या मांजरीचा वास लागतो आणि मग त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणे नसबंदी क्रूर! मग मारामारीत फाटलेला कान, चाव्यातून लागणारा एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू, हे क्रूर नाही? नसबंदी तर भूल देऊन केलेलं छोटंसं ऑपरेशन! त्यानंतरही हार्मोन्स ओसरायला काही आठवडे जातात. तेवढे जागेन मी. पण डॉक्टरांची वेळ आता घेतलीय, ती कुणाच्याही सांगण्यावरून रद्द करणार नाही.