साखळ्या कुणी टाकायच्या?

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं. साताऱ्याच्या दादाचे, म्हणजे मावसभावाचे, दोन ट्रक आहेत. त्यातल्या एकाला मागची रिफ्लेक्टर पट्टी नाही म्हणून दंड झाला आणि दादानं तो ड्रायव्हरच्या पगारातून कापला. झालं, अर्धा ग्रुप 'बिचारा ड्रायव्हर' म्हणून उठला. कुणी जानेवारी २०२४ चा संप काढला, तो हिट अँड रनच्या १० वर्षांच्या शिक्षेविरुद्धचा, पेट्रोलपंपांवर रांगा लावणारा. शेवटी सगळं गरिबाच्याच मानगुटीवर, असं मावशीचं म्हणणं.

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी अमेरिकेतून, डेन्व्हरहून, भलामोठा मेसेज टाकला.

आमच्याकडे १ सप्टेंबरपासून ३१ मेपर्यंत आय-सेव्हंटी या डोंगरातल्या महामार्गावर मॉरिसन ते डॉट्सेरो ट्रकात बर्फासाठी चाकांवर चढवायच्या साखळ्या असाव्याच लागतात. १ सप्टेंबरला इथे लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात असतात, तरीही. नुसत्या जवळ नसल्या तर ५० डॉलर आणि वर अधिभार. चेन लॉ, म्हणजे साखळ्या चढवायची सक्ती, लागू असताना चाकांना चढवल्या नाहीत तर ५००. आणि त्यापायी रस्ता अडला तर १०००. पावती फाटते ती स्टिअरिंगवर बसलेल्याच्या नावानं. निघण्याआधी गाडीला फेरी मारून सगळं बघणं हे त्याचं काम. गाडी बंद पडली तर १० मिनिटांच्या आत रस्त्यावर इशाऱ्याचे तीन चमकते त्रिकोण मांडायचे, तेही ठरलेल्या अंतरांवर. आपल्याकडे खंबाटकीत काय मांडतात? दगड. आणि गाडी सुरू झाली की दगड तिथेच, मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या नशिबाला.

(माझे अप्पा ट्रक चालवायचे. ते दगड उचलून कठड्याशी ठेवत. कुणी बघत नसताना, रात्री दोनला, पावसातसुद्धा. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, कारण मग मुद्दा उरला नसता.)

साखळी चढवणं ही गंमत नाही, हेही मी ऐकवलं. एक जोड उचलताना कंबर बोलते. साखळी आधी जमिनीवर पसरून पीळ काढायचा, मग चाकावर पांघरायची, आतला आकडा दिसत नाही म्हणून चिखलात आडवं होऊन चाचपडत लावायचा, बाहेरून आवळायची, वर रबरी ताण. मी केलंय. एकदाच, आमच्या यार्डात, मे महिन्यात, दुपारी. वर डोंगरात सिल्व्हरथॉर्नला शून्याखाली पंधरामध्ये, शेजारून गाड्या सुसाट जात असताना करणारे वेगळे. हेही लिहिलं नाही.

दादाचं उत्तर एका ओळीचं आलं. "मग तुमच्या गाडीत साखळ्या टाकतं कोण?"

मी अकरा वर्षं डिस्पॅचला आहे. कुठली गाडी, कुठला माल, किती वाजता, हे मी ठरवतो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात पहाटे चारला एका ड्रायव्हरची गाडी आयत्या वेळी बदलावी लागली. जालंधरकडचा माणूस, माझ्याशी हिंदीत बोलायचा. साखळ्या जुन्या गाडीत राहिल्या होत्या आणि ती गाडी बाहेर गेली होती. "भाईसाब, चेन नहीं है इसमें," तो म्हणाला. मी फोनवर हवामान बघितलं. आभाळ निरभ्र. ग्रँड जंक्शनला दहाच्या आत माल पोचवायचा होता. म्हटलं, निकल जाओ, आज कुछ नहीं है.

बर्फ पडलाच नाही, तेवढं माझं खरं ठरलं. वाटेतल्या डुमाँटच्या वजनकाट्यावर मात्र तपासणी झाली आणि पावती त्याच्या नावानं फाटली. परत आल्यावर त्यानं ती माझ्या टेबलावर ठेवली. काही बोलला नाही. मी आमच्या कंपनीचा नियम वाचून दाखवला: सामान गाडीत आहे की नाही हे बघणं ड्रायव्हरची जबाबदारी. इंग्रजीत वाचला. वाक्य चोख होतं. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "आप तो अपने हो, इसलिए पूछा था."

आता बघा, चार दिवसांपूर्वी ग्रुपवर मी 'आमच्याकडे' लिहिलं ते कॉलोराडोला आणि 'आपल्याकडे' लिहिलं ते साताऱ्याला. त्याचं 'अपने' यातल्या कुठल्या खात्यात धरायचं? दंड साठ-सत्तर डॉलरचा, मला जड नव्हता. मी दिला नाही. दिला असता तर चूक माझी आहे, असं कागदावर आलं असतं. दादानंसुद्धा वेगळं काय केलं? फक्त त्याला साताऱ्यात सगळे ओळखतात, म्हणून शिव्या खाव्या लागतायत. मला इथे कोण विचारणार?

मधे मी ग्रुपवर 'दोन्ही बाजू असतात' असं काहीतरी टाइप केलं आणि खोडलं. मग नुसतं 'दादा' लिहिलं, तेही खोडलं.

दादाच्या प्रश्नाखाली शेवटी मावशीनं लिहिलं, "अरे, त्याच्याकडे रात्र असेल. झोपला असेल तो."

रात्र होतीच. नऊ वाजले होते.