परदेशातून: आईच्या पासबुकातल्या तीन ओळी

भावाने साताऱ्याहून आईच्या पासबुकाचा फोटो पाठवला. त्यात एकच ओळ तीनदा होती: किमान शिल्लक नसल्याचा दंड, ११८ रुपये. शंभर दंडाचे, अठरा जीएसटीचे. फोनवर आई म्हणाली, "जाऊ दे गं, एवढ्याशा पैशांसाठी बँकेत कोण भांडत बसणार?"

मला ते "जाऊ दे" फार लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरांतल्या नव्या बचत खात्यांची किमान शिल्लक ५०,००० रुपये केली आणि ओरड झाल्यावर ती १५,००० वर आणली. आपल्याकडचा सगळा वाद या आकड्यावर झाला. स्टेट बँकेने तर हा दंड २०२० मध्येच बंद केला होता. पण आधी कापून घेतलेल्या पैशांचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही.

"तुमच्या इंग्लंडमध्ये असं चालत नसेल," असं भाऊ म्हणतो. चालत होतं. २००६ साली माझ्या इथल्या खात्यात चार पाउंड कमी पडले आणि बँकेने ३५ पाउंड कापले. तेव्हा इथे पत्रं लिहिण्याची लाटच आली होती. सहा वर्षांची स्टेटमेंटं मागवायची, असे सगळे चार्जेस लाल पेनाने बेरजेला घ्यायचे आणि ग्राहक करारातल्या अन्यायकारक अटींविरुद्धच्या १९९९ च्या नियमांचा हवाला देऊन बँकेला लिहायचं. नकार आला तर छोट्या दाव्यांच्या कोर्टात जायचं. कित्येक बँका सुनावणीच्या आधीच पैसे देऊन मोकळ्या व्हायच्या. माझे पैसे दुसऱ्या पत्रानंतर आले.

पुढे २५ नोव्हेंबर २००९ ला इथल्या सुप्रीम कोर्टाने बँकांच्या बाजूने निकाल दिला आणि वाट पाहत बसलेल्यांचे दावे बहुतेक तिथेच संपले. अशा ठरावीक रकमेच्या दंडावर बंदी यायला एप्रिल २०२० उजाडला, आणि मग अनेक बँकांनी ओव्हरड्राफ्टचं, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त काढलेल्या पैशांवरचं, व्याज चाळीस टक्क्यांच्या घरात नेलं. त्यामुळे इथे सगळं आलबेल आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

उलट या एका बाबतीत आपल्याकडचा नियम मला जास्त स्पष्ट वाटतो. १ एप्रिल २०१५ पासून रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे: शिल्लक कमी झाली की बँकेने ग्राहकाला कळवायचं, भरायला निदान महिनाभर द्यायचा, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात लावायचा आणि केवळ या दंडापायी खातं उणे होऊ द्यायचं नाही. आईला एसएमएस आला नव्हता, पत्रही नाही. मग तो दंड लावलाच कसा?

म्हणून मी तिला मराठीतच पत्र लिहून पाठवलं. खाते क्रमांक, तिन्ही तारखा, एकूण ३५४ रुपये, आणि एकच प्रश्न: आम्हाला कधी आणि कसं कळवलंत ते दाखवा, नाहीतर रक्कम परत जमा करा. दोन प्रती काढायला सांगितल्या, एकीवर शिक्का आणि सही घ्यायला. तोंडी तक्रारीची पोच मिळत नाही आणि पोच नसली की पुढे काही दाखवता येत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही फुकट, वकिलाशिवाय. नेटवरून जमत नसेल तर साध्या टपालानेसुद्धा.

काउंटरवरच्या मुलीने आधी "सिस्टीमनेच कापलंय, आजी" म्हणून पत्र परत केलं. आई उठली नाही. "तू शिक्का मार, मग मी जाते," एवढंच म्हणाली. अर्ध्या तासाने शिक्का मिळाला.

दोन ओळींचे २३६ रुपये गेल्या आठवड्यात जमा झाले. तिसरीचं उत्तर अजून नाही. तीस दिवस कधी भरतात ती तारीख आईने कालनिर्णयवर पेनाने गोल करून ठेवली आहे, आणि आता शेजारच्या काकूंचं पासबुक घेऊन बसली आहे.