घाटातले शिंतोडे

माझा शाळेपासूनचा मित्र रत्नागिरीला स्थायिक झाला आहे आणि दर पावसाळ्यात तो एकदा साताऱ्याला येतो, ते केवळ माझ्याबरोबर यवतेश्वराचा घाट सायकलवर चढण्यासाठी. या वर्षीही आम्ही पहाटे पोवई नाक्यावरून निघालो आणि या वर्षीही तेच घडले. याच घाटाने पुढे लागणाऱ्या कासच्या पठाराला २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा पर्यटक येणारच. त्यांच्या येण्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती रस्त्यात साचलेल्या पाण्यातून, वेग कणभरही कमी न करता, गाडी दामटणाऱ्यांविषयी. एका वळणावर लाल चिखलाचे पाणी थेट मित्राच्या तोंडावर आले, चष्म्याच्या दोन्ही काचा माखल्या आणि काही क्षण त्याला दरीकडचा कठडाही दिसेना. गाडी थांबली नाही. उलट तिच्या मागची गाडी धुक्यात हॉर्न वाजवत राहिली. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, हा नियम यांना कोणी शिकवलाच नाही का? आणि सायकल हे काय वाहन नव्हे? ब्रेकवर पाय ठेवायला असा किती वेळ लागतो! मित्राने भिजलेल्याच रुमालाने चष्मा पुसला आणि "चल, वर चहा घेऊ" एवढेच म्हणाला. त्याच्या या समजूतदारपणाने माझा संताप अधिकच वाढला, कारण साठीच्या माणसाने वर्षातून एकदा एवढ्या हौसेने यावे आणि दर वेळी चिखल पुसत परत जावे, हे मला आता सहन होत नाही.